बियांना हवा ओला हिवाळा

मे महिना उजाडला की उत्तर अमेरिकेतल्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात मेथी, कोथिंबीर, गवार पेरली जाते. मेथी चार दिवसांत वर येते, कोथिंबिरीला आठ-दहा दिवस लागतात. त्याच वाफ्याच्या कडेला कुणीतरी हौसेने, मोनार्क फुलपाखरं यावीत म्हणून, मिल्कवीडचं एक पाकीट पेरलेलं असतं. जून जातो, जुलै जातो, तिथे काही दिसत नाही. ‘बी जुनं निघालं’ म्हणून विषय संपतो आणि पुढच्या वर्षी नर्सरीतून तयार रोप येतं.

बी बहुतेक वेळा जुनं नसतं. ते जिवंत असतं, धडधाकट असतं, फक्त त्याने हिवाळा पाहिलेला नसतो. समशीतोष्ण प्रदेशातल्या कितीतरी रानझाडांचं बी काही आठवडे गार आणि ओल्या अवस्थेत काढल्याशिवाय रुजत नाही. हा हिवाळा त्याला घरच्या घरी देता येतो. इंग्रजीत याला ‘कोल्ड स्ट्रॅटिफिकेशन’ म्हणतात; या लेखापुरतं आपण त्याला शीतसंस्कार म्हणू. त्यासाठी यंत्र लागत नाही, खर्च जवळपास शून्य आहे, आणि एकदा जमलं की नर्सरीतल्या एका रोपाच्या किमतीत अख्खा वाफा भरतो.

बी अडून का बसतं

कॉमन मिल्कवीडच्या शेंगा सप्टेंबर-ऑक्टोबरात तडकतात आणि रेशमी म्हाताऱ्या वाऱ्यावर सुटतात. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो या पट्ट्यात तेव्हा ऊन असतं, पाऊस असतो, माती अजून उबदार असते. उगवायला वरवर सगळं अनुकूल. पण त्या दिवसांत उगवलेलं रोप दोन पानांवर असतानाच नोव्हेंबरचा गारठा त्याला संपवेल. ज्या बियांनी अशी घाई केली त्यांचा वंश खुंटला; ज्या थांबल्या त्यांचा चालला. असंख्य पिढ्यांच्या या निवडीतून बीच्या आतच एक अडसर तयार झाला आहे.

हा अडसर रासायनिक आहे. ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक अंकुराला रोखून धरतं आणि जिबरेलिन त्याला पुढे ढकलतं. शेंगेतून नुकत्याच पडलेल्या बीमध्ये पहिल्याचा जोर जास्त असतो. बी पाणी पिऊन फुगलं आणि तशाच अवस्थेत काही आठवडे १ ते ५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं, की पहिल्याचा जोर ओसरतो आणि आतला भ्रूण दुसऱ्याला दाद द्यायला लागतो. चार दिवस थंडी पडून मध्येच ऊन आलं, तर बी फसत नाही. पुरेशी थंडी जमा होईपर्यंत ते थांबतं.

याचा पुरावा कधीकधी स्वयंपाकघरात मिळतो. कोल्ड स्टोरेजमध्ये महिनोन्‌महिने राहिलेलं सफरचंद कापल्यावर आत मोड आलेली बी दिसते. लोक दचकून ते सफरचंद टाकून देतात. खरं तर फळाच्या आत ओल होती, बाहेर गारवा होता, आणि सफरचंदाच्या बीला हवा असलेला हिवाळा तिथेच पुरा झाला.

मेथी आणि कोथिंबीर मात्र लगेच का येतात? कारण त्या माणसाच्या हाताखाली वाढल्या आहेत. शेतकऱ्याने हजारो वर्षं तेच बी पुढच्या वर्षासाठी राखलं, जे पेरल्यावर चटकन आणि एकदम उगवलं. आळशी बी आपोआप गाळलं गेलं. रानातल्या झाडाला असा कुणी शेतकरी मिळाला नाही. उलट तिथे सगळं बी एकाच वेळी न उगवणं हाच शहाणपणा ठरतो, म्हणून एकाच शेंगेतल्या काही बिया यंदा येतात, काही पुढच्या वर्षी.

बी किती थांबू शकतं याचा एक प्रयोग मिशिगनमध्ये अजून चालू आहे. विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली वेगवेगळ्या रानतणांच्या बिया ओल्या वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरल्या आणि आजच्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात पुरून ठेवल्या. ठराविक वर्षांनी एक बाटली रात्रीच्या अंधारात उकरून काढतात, म्हणजे उरलेल्या बियांना उजेड लागत नाही. २०२१ साली उघडलेल्या बाटलीतल्या मुलेन जातीच्या काही बिया १४२ वर्षांनंतरही उगवल्या. पुढची बाटली २०४० साली निघेल. तुमचं पाकीट दोन वर्षांपूर्वीचं असेल, तर ते फेकण्याआधी एवढं आठवावं.

हा खटाटोप स्थानिक झाडांसाठीच का

बिगबॉक्स दुकानात पेट्युनिया, मॅरिगोल्ड, होस्टा मुबलक आणि स्वस्त मिळतात. त्यांना हिवाळा द्यावा लागत नाही. मग मिल्कवीड किंवा ॲस्टरसाठी फ्रीजचा कोपरा का अडवायचा?

मोनार्कच्या अळीला मिल्कवीडशिवाय दुसरं अन्न चालत नाही, हे त्याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उत्तर. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातली मोनार्क शरद ऋतूत हजारो किलोमीटर उडत मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांत जातात आणि तिथल्या ओयामेल फरच्या झाडांवर हिवाळा काढतात. ती नेमकी कुठे जातात हे विज्ञानजगताला १९७५ साली कळलं. टोरांटोच्या फ्रेड अर्कहार्ट यांच्या दीर्घ शोधमोहिमेतले साथीदार केन ब्रुगर आणि कॅटालिना अग्वादो तेव्हा त्या डोंगरावर पोचले. आज ही स्थलांतर करणारी मोनार्क संकटात आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने मोनार्कला ‘थ्रेटन्ड’ वर्गात घेण्याचा प्रस्ताव मांडला.

पण मोनार्क हे एकच उदाहरण झालं. डेलावेअर विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डग टॅलमी यांनी ‘ब्रिंगिंग नेचर होम’ या २००७ सालच्या पुस्तकात हा मुद्दा फार ताकदीने मांडला. पानं खाणाऱ्या बहुतेक कीटकांना, ज्या झाडांबरोबर ते हजारो वर्षं राहिले तीच पचतात. चिकडी या चिमुकल्या पक्ष्याच्या जोडीला एका विणीची पिल्लं वाढवायला सुमारे ६ ते ९ हजार अळ्या लागतात, असं ते सांगतात. परदेशी शोभेच्या झाडांवर त्या अळ्या जवळपास नसतातच. पान कुरतडलेलं दिसलं की फवारणीची बाटली शोधणाऱ्या माणसाने हे वाचायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. स्थानिक झाडाचं पान कुरतडलं गेलं, म्हणजे ते झाड आपलं काम करतं आहे.

नुसता गारवा उपयोगाचा नाही

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. अनेकजण बियांचं कोरडं पाकीट तसंच फ्रीजमध्ये ठेवतात आणि दोन महिन्यांनी पेरतात. ती झाली साठवण. साठवणीने बी टिकतं, पण अडसर निघत नाही. कोरड्या बीच्या आत काहीच घडत नसतं. बी ओल पिऊन फुगलेलं असलं तरच थंडीचा परिणाम होतो.

दुसरा गैरसमज फ्रीझरचा. बाहेर शून्याखाली वीस अंश थंडी पडते, मग फ्रीझर अधिक चांगला, असं वाटणं साहजिक आहे. पण भ्रूणातले बदल घडतात ते गोठणबिंदूच्या थोडं वर. घरातला फ्रीज साधारण ३७ ते ४० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे ३ ते ४ अंश सेल्सिअसवर चालतो. तेवढंच हवं आहे. पाणी प्यायलेलं बी एकदम फ्रीझरमध्ये टाकलं, तर आतल्या पेशी फुटायची भीती असते.

फ्रीजमधला हिवाळा

लागतं काय? बी, बारीक स्वच्छ वाळू, झिपलॉक पिशवी आणि पुसलं न जाणारं पेन. समुद्रावरची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. मुलांच्या सँडबॉक्ससाठी मिळते ती वाळू उत्तम.

बियांच्या दोन-तीन पट वाळू घ्या आणि थोडं थोडं पाणी घालून कालवा. मुठीत दाबल्यावर वाळूचा गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी गळू नये. ओल कमी पडली तर बी सुकतं, जास्त झाली तर बुरशी धरते आणि बीला हवा मिळत नाही. मटकीला मोड आणताना फडक्याची जेवढी ओल आपल्या हाताला बरोबर वाटते, तेवढीच इथेही. बी मिसळून पिशवीत भरा, नाव आणि तारीख लिहा, आणि फ्रीजच्या वरच्या कप्प्यात मागे ठेवा. नाव लिहायचा कंटाळा करू नका. मार्च महिन्यात सगळ्या पिशव्या सारख्याच दिसतात. सफरचंद, केळी यांच्या शेजारी पिशवी नको, कारण पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि तो बियांच्या कामात ढवळाढवळ करू शकतो.

मोठं बी असेल तर वाळूऐवजी ओला पेपर टॉवेल चालतो. बिया त्यावर पसरा, घडी घाला, पिशवीत ठेवा. आत काय चाललं आहे हे उघडून दिसतं, हा याचा फायदा. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक नॉर्मन डीनो यांनी याच साध्या पद्धतीने, ओला कागद आणि प्लॅस्टिकची पिशवी वापरून, हजारो जातींच्या बिया तपासल्या. काही ४० अंश फॅरनहाइटवर, काही ७० अंशांवर, काही आळीपाळीने दोन्हींत. त्या नोंदींचं त्यांनी स्वतःच पुस्तक छापलं आणि आज ते मोफत वाचायला मिळतं. बियांबद्दल इतकं चिकाटीने लिहिलेलं दुसरं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

आठवड्यातून एकदा पिशवी पाहा. बुरशी दिसली तर बिया गाळणीत धुऊन नव्या वाळूत घाला. बुरशी लागली म्हणजे बी मेलंच असं नाही. एखाद्या बीला फ्रीजमध्येच पांढरं मूळ फुटलेलं दिसलं, तर वाट पाहू नका, ते लगेच कुंडीत लावा.

सुरुवात कधी करायची हे मागून मोजायचं. मध्य न्यू जर्सीत मेच्या मध्यानंतर हिमकडाक्याची भीती सहसा उरत नाही. त्याच्या सहा ते आठ आठवडे आधी, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात, घरात उजेडाजवळ पेरणी करायची असेल, तर ३० दिवसांचं बी फेब्रुवारीच्या मध्याला आणि ६० दिवसांचं बी जानेवारीच्या मध्याला पिशवीत जायला हवं. मिनेसोटा किंवा ओंटारिओत हे वेळापत्रक आणखी दोनेक आठवडे पुढे सरकवावं.

अंगणातला हिवाळा

फ्रीजची पद्धत नेमकी आहे, तरी मला स्वतःला बाहेरची पद्धत जास्त पटते. हिवाळा दाराशी फुकट उभा असताना तो आत बनवण्यात अर्थ काय?

दुधाचा रिकामा प्लॅस्टिकचा गॅलन घ्यायचा, आरपार पुसट दिसतो तो. तळाला गरम स्क्रूड्रायव्हरने सात-आठ भोकं पाडायची. तळापासून चार इंचांवर आडवा काप द्यायचा, पण मुठीखालचा भाग न कापता बिजागरीसारखा ठेवायचा. आत तीन इंच पॉटिंग मिक्स भरायचं. बागेतली माती नको, ती गोठून दगड होते आणि तिच्यात तणाचं बी असतं. मिक्स पुरतं भिजवायचं, बी पेरायचं, वरचा भाग मिटवून रुंद चिकटपट्टी गुंडाळायची. झाकण मात्र काढून टाकायचं; त्या तोंडातून पाऊस आणि बर्फाचं पाणी आत जाणार आहे. नावाची पट्टी आतही घाला, कारण बाहेरची शाई उन्हाने उडते.

डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत केव्हाही हे गॅलन अंगणात नेऊन ठेवायचे आणि विसरायचे. बर्फाखाली गाडले गेले तरी उत्तम. दिवसा बर्फ वितळतो, रात्री गोठतो, माती फुगते, आक्रसते, आणि बियांचं कठीण कवचही त्यात सैल पडतं. हे काम फ्रीज करू शकत नाही. वसंत ऋतू आला की प्रत्येक जात आपापल्या वेळेला वर येते. पोरकं वाटणारं ते प्लॅस्टिक तेव्हा छोटं काचघर होतं. दिवस उबदार व्हायला लागले की चिकटपट्टी काढून वरचा भाग दिवसा उघडा ठेवायचा आणि पाण्याकडे लक्ष द्यायचं. रोपं सुकून जातात ती याच काळात. एप्रिलमध्ये एखादी रात्र फारच गारठली, तर वरून जुनी चादर टाकावी.

अशी रोपं घरात दिव्याखाली वाढलेल्या रोपांसारखी लुळी नसतात. ऊन, वारा, गारठा त्यांनी पहिल्या दिवसापासून सोसलेला असतो. फ्लॅटच्या बाल्कनीतही हे जमतं, फक्त जागा अशी हवी की पाऊस आणि बर्फ गॅलनवर पडेल.

कुणाला किती थंडी

सगळ्या बियांना एकच माप लागू नाही, आणि पाकिटावर ते दर वेळी लिहिलेलं असतंच असं नाही.

कॉमन मिल्कवीड, स्वॅम्प मिल्कवीड आणि नारिंगी फुलांचं बटरफ्लाय वीड यांना साधारण ३० दिवस पुरतात. ब्लॅक-आइड सुझन, जो पाय वीड, फॉक्सग्लव्ह बिअर्डटंग हीदेखील याच गटातली. न्यू इंग्लंड ॲस्टर, आयर्नवीड, लाल-पिवळं कोलंबाइन आणि लालभडक कार्डिनल फ्लॉवर यांना ६० दिवस द्यावेत. वाइल्ड बर्गमोटला थंडीची गरजच नाही. ज्याला पहिल्याच वर्षी हमखास काहीतरी उगवलेलं पाहायचं आहे, त्याने तेच निवडावं. हमिंगबर्ड, मधमाशा, दोन्ही त्यावर येतात.

कार्डिनल फ्लॉवरचं बी तपकिरीच्या पुडीसारखं बारीक असतं आणि त्याला रुजायला उजेड लागतो. ते मातीवर नुसतं भुरभुरायचं आणि हलकं दाबायचं. वर माती टाकली की संपलं. कोलंबाइनचंही तसंच. एरवीचा नियम सोपा आहे: बी जेवढं जाड, तेवढीच वर माती.

निळ्या फुलांचं बॅप्टिसिया आणि वाइल्ड ल्युपिन ही शेंगवर्गातली झाडं. त्यांचा अडसर कवचात असतो. पाणीच आत शिरत नाही. बिया पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासायच्या, तकाकी गेली की थांबायचं, आणि रात्रभर पाण्यात ठेवायच्या. सकाळी फुगलेल्या दिसल्या की काम झालं. न्यू जर्सी टी या झुडपाची तऱ्हा आणखी वेगळी आहे. त्याच्या बियांवर आधी उकळीखालचं गरम पाणी ओतावं लागतं आणि मग दोनेक महिने थंडी द्यावी लागते, कारण हे झुडूप वणवे लागणाऱ्या माळरानांत वाढलेलं आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ब्रिटिश चहावर बहिष्कार घालणारे लोक याच झुडपाच्या पानांचा चहा करून प्यायचे.

आणि ट्रिलियम. तीन पानं, तीन पाकळ्या, १९३७ पासून ओंटारिओचं राज्यपुष्प. याचं बी पहिल्या हिवाळ्यानंतर फक्त मूळ सोडतं, वर काहीच दिसत नाही. दुसऱ्या हिवाळ्यानंतर पहिलं पान येतं. फुलायला सात किंवा त्याहून जास्त वर्षं लागू शकतात. ते बी सुकलेलं चालत नाही, ताजंच पेरावं लागतं. रानात मुंग्या ते बिळात ओढून नेतात आणि पेरणी त्याच करतात. रानातलं ट्रिलियम कुणी उपटून विकत असेल तर घेऊ नये असं म्हणतात, त्यामागे ही एवढी वर्षं आहेत.

ओकचं बी आणि खार

मुलांबरोबर करायला ओकइतका चांगला प्रयोग नाही. बी हाताला लागेल एवढं मोठं, फुटपाथवर फुकट पडलेलं, आणि निकाल डोळ्यांना दिसणारा.

ओकचे इकडे दोन मोठे गट आहेत. पानांच्या कडा गोलाकार असतील तर तो व्हाइट ओकच्या गटातला. टोकदार, केसासारखं अणकुचीदार अग्र असेल तर रेड ओकच्या गटातला. व्हाइट ओकचं फळ पडल्यावर काही दिवसांतच, त्याच शरद ऋतूत मूळ सोडतं. रेड ओकचं फळ मात्र हिवाळाभर थांबून वसंतात रुजतं. एकाच रानात, एकाच उतारावर, दोन भाऊबंदांनी दोन वेगळ्या वाटा निवडल्या आहेत.

करड्या खारीला हे नेमकं माहीत असतं. रेड ओकची फळं ती हिवाळ्यासाठी पुरून ठेवते, कारण ती टिकतात. व्हाइट ओकची बरीचशी लगेच खाऊन टाकते. पुरायचीच झाली तर आधी दातांनी त्यांचा भ्रूण कुरतडून काढते, म्हणजे फळ रुजून वाया जात नाही. अंगणातली खार बीजशास्त्र किती जाणते हे मुलांना सांगून पाहा, पुढचे कित्येक दिवस ती खिडकीतून हलत नाहीत.

गोळा केलेली फळं पाण्यात टाका. तरंगतात ती काढून टाका, त्यांच्यात बहुधा किड्याने घर केलेलं असतं. बुडालेली ठेवा. व्हाइट ओकची लगेच उंच कुंडीत लावा, कारण त्याचं सोटमूळ आधी खाली धावतं. रेड ओकची ओलसर पॉटिंग मिक्समध्ये घालून पिशवीत, फ्रीजमध्ये, मार्चपर्यंत. कुंडीवर जाळी बांधायला विसरू नका. खार वास काढत येतेच. नॉर्दर्न रेड ओक हा न्यू जर्सीचा राज्यवृक्ष आहे, आणि जागा असेल तर घराच्या आवारात लावायला त्याच्याइतकं मोलाचं झाड इकडे क्वचितच सापडेल.

रुईला हिवाळा का लागत नाही

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं अनोळखी वाटेल, पण मिल्कवीडची सख्खी नातलग तिथे प्रत्येक माळावर उभी आहे. रुई. तोच चीक, तशाच फुगीर शेंगा, त्याच म्हाताऱ्या. मोनार्कच्याच कुळातलं प्लेन टायगर फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं. पण रुईच्या बीला पाऊस पडला की पुरतं, कारण तिच्या मुलखात रोपाला मारणारी थंडीच नसते. तिथला अवघड काळ कोरडा उन्हाळा.

म्हणून पुण्या-नाशकात बसून बहावा, पळस, जांभूळ यांच्या बिया फ्रीजमध्ये घालू नका. बहाव्याचं बी कवचामुळे अडतं; ते दगडावर एका कडेने घासून भिजवलं की येतं. जांभळाचं बी सुकलं की मरतं, फळ खाल्ल्यावर काही दिवसांतच मातीत जायला हवं. शीतसंस्काराचा उपयोग भारतात व्हायचा तर हिमालयात, अक्रोड-सफरचंदांच्या प्रदेशात.

आपल्याकडे बागेत लावतात ते हळदीकुंकू, लाल-पिवळ्या फुलांचं, हेदेखील मिल्कवीडच आहे. मूळचं उष्णकटिबंधीय अमेरिकेतलं, म्हणून त्यालाही थंडी नको. इकडच्या नर्सऱ्यांत ते ‘ट्रॉपिकल मिल्कवीड’ नावाने सर्रास मिळतं, चटकन उगवतं, आणि नेमक्या त्याच सोयीपायी लोक ते घेतात. फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्निया या उबदार भागांत ते हिवाळ्यातही हिरवं राहतं, त्याच्या पानांवर मोनार्कला जडणाऱ्या एका परजीवीचे बीजाणू साठत जातात, आणि फुलपाखरं पुढे जायची ती तिथेच रेंगाळतात. घरच्या ओळखीचं फूल म्हणून जीव ओढतो हे खरं, पण इथे ते लावू नये. ज्या मिल्कवीडला हिवाळा लागतो तेच या मातीतलं.

रोप हाती आल्यावर

खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की रोपं वेगळी करावीत. मिल्कवीडचं मूळ सरळ खाली जातं, त्यामुळे त्याला कुंडीत फार दिवस अडकवू नका. चीक डोळ्यांना फार त्रासदायक असतो. हाताळल्यावर हात धुवा, मुलांनाही धुवायला लावा. पहिल्या उन्हाळ्यात सशांपासून जाळीने राखण आणि आठवड्याला एकदा पाणी, एवढं पुरे. खत नको, ही झाडं साध्या मातीत सुखी असतात.

पहिल्या वर्षी फूल नाही आलं म्हणून उपटू नका. बहुतेक बहुवर्षायू रोपं पहिलं वर्ष मुळं वाढवण्यात घालवतात. स्वॅम्प मिल्कवीड बऱ्याचदा दुसऱ्या वर्षी फुलतं, कॉमन मिल्कवीडला आणखी एखादं वर्ष लागू शकतं. कॉमन मिल्कवीड जमिनीखालून पसरतं, म्हणून छोट्या बागेत स्वॅम्प मिल्कवीडच बरं.

बी कुठून आणायचं

स्थानिक बियाच विकणाऱ्या नर्सऱ्या आता बऱ्याच आहेत. मिनेसोटातली प्रेअरी मून नर्सरी प्रत्येक जातीपुढे किती दिवस थंडी द्यायची याचा संकेत छापते, त्यामुळे नवख्या माणसाची सोय होते. आपल्या राज्यातलं मूळ झाड कोणतं हे पाहायला टेक्सासमधल्या लेडी बर्ड जॉन्सन वाइल्डफ्लॉवर सेंटरची माहितीसूची फार उपयोगी पडते. जवळपास प्रत्येक राज्यात नेटिव्ह प्लांट सोसायटी आहे आणि अनेक ठिकाणी थंडीच्या दिवसांत बियांची देवाणघेवाण चालते. काही गावांच्या ग्रंथालयांत पुस्तकांसारख्या बियाही मिळतात.

‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ असं लिहिलेली रंगीत पाकिटं टाळा. त्यांत बऱ्याचदा दुसऱ्या खंडातली फुलं असतात. सरकारी उद्यानातून किंवा राखीव रानातून बी तोडू नका, बहुतेक ठिकाणी त्याला बंदी आहे. शेजाऱ्याच्या अंगणातलं हवं असेल तर विचारून, आणि एका झाडावरचं थोडंच घ्या. उरलेलं पक्ष्यांचं आहे.

यंदाच्या डिसेंबरात दुधाचा पहिला गॅलन संपेल तेव्हा तो रिसायकलच्या डब्यात टाकू नका. स्वॅम्प मिल्कवीडचं एक पाकीट मागवा, अर्धं गॅलनमध्ये पेरून अंगणात ठेवा, उरलेलं अर्धं शेजारच्या घरी द्या आणि तेही जानेवारी संपायच्या आत पेरलं जाईल एवढं पाहा.